ड्वार्फ फोर्ट्रेसमधले पुतळे: दगड निवडण्यापासून उभे करण्यापर्यंत

गणपतीच्या आधी बडोद्यात दांडिया बाजारातून चक्कर मारली की एक क्रम न सांगता कळतो. जागा साफ होते, मांडव उभा राहतो, चौरंग येतो, आणि मूर्ती सगळ्यात शेवटी. ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणकावरच्या खेळात आपण ड्वार्फ नावाच्या बुटक्या लोकांचं जमीन खणून केलेलं फोर्ट, म्हणजे किल्ला, चालवतो. त्या फोर्टमध्ये मात्र बहुतेक जण उलटं करतात. दगड दिसला की पुतळ्यांची ऑर्डर देतात, पुतळा तयार झाला की मिळेल तिथे उभा करतात, आणि खोली कशासाठी होती ते नंतर ठरवतात. मग चांगला पुतळा कोठाराच्या वाटेवर जातो, बॅरनची, म्हणजे सरदाराची, खोली रिकामीच राहते आणि एखादा ड्वार्फ दोन भिंतींच्या मध्ये अडकून उपाशी मरतो.

खाली दिलेली मेनूंची नावं डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या चित्रांच्या आवृत्तीतली आहेत. खेळात शब्द एकच आहे, स्टॅच्यू. मराठीत आपण माणसाचा पुतळा म्हणतो आणि देवाची मूर्ती. हा फरक इथेही उपयोगी पडतो, कारण दोन्हींची मांडणी वेगळी असते.

१. आधी पुतळ्याचं काम ठरवा

फोर्टमध्ये पुतळा चार कामं करतो. खोलीची किंमत वाढवतो. येणाऱ्याजाणाऱ्या ड्वार्फना चांगली वस्तू पाहिल्याचं समाधान देतो. देवळाला दर्जा मिळवून देतो. आणि वाट अडवतो. चौथं काम लोक विसरतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

फोर्टची जमीन चौकोनांत विभागलेली असते. टेबल, खुर्ची, कपाट यांच्या चौकोनातून ड्वार्फ जाऊ शकतो. पुतळ्याच्या चौकोनातून जाता येत नाही. सयाजीबागेच्या तोंडाशी काळा घोडा चौकात गाड्या सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याला वळसा घालून जातात. तिथे वळसा घालायला रुंद रस्ता आहे. तुमच्या एका चौकोनाच्या बोळात तो नाही.

म्हणून ऑर्डर देण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणती खोली, किती किंमत हवी, आणि पुतळे उभे राहिल्यावर चालायला किती चौकोन उरतात.

तपासा: प्रत्येक पुतळ्यापुढे "कशासाठी" हे एका शब्दात लिहिता येतं का? येत नसेल तर तो पुतळा अजून घडवू नका.

२. पंचविसाचा हिशेब

पुतळ्याची मूळ किंमत २५ आहे. दार, टेबल, खुर्ची यांची १०. म्हणून एका दगडात खोलीची किंमत वाढवायची असेल तर पुतळ्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. या २५ ला दोन आकड्यांनी गुणायचं: एक पदार्थाचा, एक कारागिरीचा.

कारागिरीचे आकडे असे: साधा १, वेल-क्राफ्टेड २, फाइनली-क्राफ्टेड ३, सुपीरियर ४, एक्सेप्शनल ५, मास्टरवर्क १२. पाचावरून थेट बारा, ही उडी लक्षात ठेवा. स्ट्रेंज मूडमधून, म्हणजे एखाद्या ड्वार्फला अचानक आलेल्या झपाटलेपणातून, जन्मलेल्या आर्टिफॅक्टला (एकमेव कलाकृतीला) १२०.

पदार्थाचे आकडे: साधा दगड १, संगमरवर आणि चुनखडी २, ऑब्सिडियन ३, हेमटाइट आणि मॅग्नेटाइट (लोखंडाची खनिजं) ८, नेटिव्ह सिल्व्हर (चांदीचा दगड) १०, नेटिव्ह गोल्ड (सोन्याचा दगड) ३०, नेटिव्ह प्लॅटिनम ४०. काचेत हिरवी २, पारदर्शक ५, क्रिस्टल १०.

आता प्रत्यक्ष गुणाकार करू. साध्या दगडाचा मास्टरवर्क पुतळा: २५ × १ × १२ = ३००. संगमरवराचा मास्टरवर्क: ६००. नेटिव्ह गोल्डच्या दगडातून नवशिक्याने घडवलेला, कसलीही खूण नसलेला पुतळा: २५ × ३० × १ = ७५०. म्हणजे उत्तम कारागिराच्या संगमरवरी कामापेक्षा नवख्याने सोन्याच्या दगडावर केलेलं काम महाग ठरतं. आणि तोच सोन्याचा दगड उत्तम कारागिराच्या हाती गेला तर ९०००.

खोल्यांच्या पायऱ्या याच्या शेजारी लिहून ठेवा. बेडरूम १०० ला मॉडेस्ट होते, ५०० ला डीसेंट, १००० ला फाइन, १५०० ला ग्रेट, २५०० ला ग्रँड आणि १०,००० ला रॉयल. मेयरला ऑफिस, बेडरूम आणि डायनिंग तिन्ही ५०० चे लागतात. राजा किंवा राणी येणार असेल तर रॉयल.

म्हणून मेयरच्या प्रत्येक खोलीत एक मास्टरवर्क संगमरवरी पुतळा ठेवला की किंमतीचा प्रश्न मिटतो. राजाच्या खोलीसाठी साध्या दगडाचे तीस-चाळीस पुतळे कोंबू नका. सोन्याच्या दगडाचा एक मास्टरवर्क, घोटलेली फरशी, कोरलेल्या भिंती आणि बाकी सामान यांतून दहा हजारांची रेषा ओलांडता येते, आणि खोलीत चालायला जागाही राहते.

सावधान: किंमत भरली म्हणजे नोबल, म्हणजे मेयर किंवा बॅरनसारखा मानाचा ड्वार्फ, खूश झाला असं नाही. मेयरला दोन पेट्या, एक कपाट, एक शस्त्रांची रॅक आणि एक चिलखताचा स्टँडही हवा असतो. पुतळा यांपैकी कशाचीही जागा घेत नाही. नोबल्सच्या यादीत गरजांच्या खुणा पाहून घ्या.

आणखी एक गोष्ट. खालच्या हुद्द्याच्या ड्वार्फची खोली वरच्यापेक्षा भारी झाली तर वरचा दुखावतो. बॅरन असताना मॅनेजरच्या ऑफिसात सोन्याचा पुतळा ठेवला, तर मॅनेजरला फायदा कमी आणि बॅरनचा राग जास्त.

३. दगड मोकळा करा, पण मोजून

"आमच्याकडे सोन्याची शीर आहे, पण कारागीर तो दगड घेतच नाही," ही तक्रार नेहमीची. कारण साधं आहे. धातूची खनिजं आणि पोलादाला लागणारे दगड यांवर खेळ सुरुवातीपासून बंदी ठेवतो, नाहीतर त्यांचे दरवाजे बनले असते. लेबर मेनूत स्टोन यूज नावाचं पान आहे. तिथे हवा तो दगड मोकळा करायचा.

क्रम असा ठेवा:

अ) आधी शीर खणून किती दगड निघाले ते मोजा.
आ) पुतळ्यांना लागतील तेवढे दगड वर्कशॉपजवळच्या वेगळ्या स्टॉकपाइलमध्ये, म्हणजे साठ्याच्या जागेत, आणा. स्टॉकपाइलच्या सेटिंगमध्ये फक्त तोच दगड ठेवा.
इ) तो स्टॉकपाइल वर्कशॉपला जोडा. जोडला की वर्कशॉप दगड फक्त तिथूनच घेतो.
ई) त्यानंतर स्टोन यूजमध्ये बंदी उठवा.
उ) पुतळे झाले की बंदी परत लावा.

पाचवी पायरी विसरली तर दुसऱ्या वर्कशॉपमधला कारागीर त्याच सोन्याच्या दगडाचं दार करून मोकळा होतो. हे एकदोन फोर्टमध्ये नाही, बहुतेक फोर्टमध्ये होतं.

संगमरवर, चुनखडी, डोलोमाइट यांच्या बाबतीत हात आखडता घ्या. हे पोलादासाठी लागणारे फ्लक्स दगड आहेत. नकाशावर त्यांचा अख्खा थर असेल तर खुशाल वापरा. पन्नासएक दगडच असतील तर ते भट्टीसाठी राखून ठेवा, कारण सैन्याचं पोलाद पुतळ्यापेक्षा आधी लागतं.

सोन्याचा दगड वितळवून सळ्या करून मग पुतळा करावा का, हेही विचारलं जातं. एका दगडातून ४ सळ्या निघतात आणि धातूच्या पुतळ्याला ३ सळ्या लागतात. तीन दगडांच्या बारा सळ्यांतून चार पुतळे होतील, थेट कोरले तर तीन. एक पुतळा जास्त मिळतो खरा, पण भट्टीला मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) नसेल तर वितळवण्याला आणि घडवण्याला मिळून सात वेळा इंधन जळतं, आणि दगड कोरणाऱ्याऐवजी लोहार लागतो. ज्याच्याकडे लाकूड कमी आणि दगडी कारागीर चांगला आहे, त्याने थेट कोरावं.

तपासा: वर्कशॉपवर क्लिक करून स्टॉकपाइलचा दुवा दिसतो का ते पाहा. स्टॉकपाइलला एकच ढकलगाडी नेमली असेल तर एका वेळी एकच ड्वार्फ दगड आणतो, हेही लक्षात असू द्या. काम रेंगाळलं की लोक कारागिराला दोष देतात, अडचण ढकलगाडीत असते.

४. कारागीर एक, वर्कशॉप एक

दगडी पुतळा स्टोनवर्करच्या वर्कशॉपमध्ये घडतो, एका पुतळ्याला एक दगड. कौशल्य लागतं ते स्टोन कार्व्हिंगचं. गवंडीकाम आणि भिंतीवरचं कोरीवकाम ही वेगळी कौशल्यं आहेत. एन्ग्रेव्हर, म्हणजे भिंती कोरणारा, कितीही नामांकित असला तरी त्याच्या हातचा पुतळा नवशिक्याचाच निघतो. इथे गल्लत फार होते.

फोर्टमध्ये सगळ्यात चांगला स्टोन कार्व्हर शोधा आणि एक वर्कशॉप त्याच्या नावाने करून द्या. वर्कशॉपच्या पानावर कामगार नेमण्याची सोय आहे. नेमणूक केली नाही तर रिकामा असलेला कुणीही येऊन किमती दगडावर हात साफ करतो.

तसा कारागीर नसेल तर तयार करा. साध्या दगडाची दारं, टेबलं, खुर्च्या, शवपेट्या, जे फोर्टला लागणारच आहे ते सगळं त्याच एका ड्वार्फकडून करून घ्या. दुसरं काही काम त्याला देऊ नका, सामान वाहण्याचंही नाही. तो लेजेंडरी, म्हणजे कौशल्याच्या सर्वोच्च पायरीवर, होईपर्यंत सोन्याच्या दगडाला थांबू द्या. लेजेंडरी झाल्यावरही प्रत्येक पुतळा मास्टरवर्क निघत नाही, म्हणून लागतात त्यापेक्षा थोडे जास्त दगड हाताशी असू द्या.

५. ऑर्डर देताना

वर्कशॉपमध्ये काम लावून रिपीटवर सोडणं ही सगळ्यात महागडी सवय. दोन ऋतूंनी पाहावं तर दीडशे पुतळे, दगडाचा ढीग संपलेला आणि दारांना दगड नाही. मॅनेजर नेमा आणि वर्क ऑर्डर द्या. नेमके चार हवे असतील तर चारचीच. सतत थोडे हवे असतील तर अट घाला: उपलब्ध पुतळे पाचपेक्षा कमी असतील तेव्हाच, आणि दगड वीसपेक्षा जास्त असतील तेव्हाच.

कामाच्या तपशिलात दोन गोष्टी निवडता येतात, पदार्थ आणि आकृती. पदार्थ निवडला नाही तर कारागीर जवळचा दगड उचलतो. आकृती निवडली नाही तर विषय तो स्वतः ठरवतो. सभागृहासाठी तेही चालतं, त्याने किंमत बदलत नाही, आणि फोर्टच्या इतिहासातला एखादा प्रसंग आपोआप दगडात उतरतो. देवळासाठी मात्र आकृती निवडाच. त्याबद्दल पुढे येतं.

नोबलसाठी पुतळा करताना त्याची आवडनिवड आधी वाचा. कुणाला चांदी आवडते, कुणाला एखादा विशिष्ट दगड, कुणाला थेट पुतळेच. ज्याला पुतळे आवडतात तो आपल्या खोलीत पुतळ्याची मागणी करू शकतो, आणि पुतळे विकायला बंदीही घालू शकतो. बंदी असताना कॅरव्हानला, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याला, पुतळा विकला की शिक्षा फोर्टमधल्याच कुणाला तरी भोगावी लागते.

सावधान: सोन्याचे पुतळे पहिल्याच वर्षात घडवू नका. फोर्टची संपत्ती वाढली की स्थलांतरित जसे येतात, तशी वैऱ्यांची आणि मोठ्या प्राण्यांची नजरही वळते. आधी दार, सापळे आणि एक पथक, नंतर सोनं.

६. तयार पुतळे वेगळे ठेवा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुढची निम्मी डोकेदुखी तिथून सुरू होते.

फर्निचरचे दोन स्टॉकपाइल करा. दोन्हींत फक्त स्टॅच्यू हा प्रकार चालू ठेवा. पहिल्यात कारागिरीच्या यादीतून फक्त एक्सेप्शनल आणि मास्टरवर्क, दुसऱ्यात त्याखालचं सगळं. पहिला ठेवा नोबलांच्या खोल्यांजवळ किंवा देवळाजवळ, दुसरा बोळ आणि सभागृहाजवळ. पुतळा जड असतो, धातूचा तर फारच. वाहून नेणारा ड्वार्फ रांगत चालल्यासारखा हलतो. स्टॉकपाइल जिथे वापर तिथे असला की हा त्रास निम्मा होतो.

रत्नं जडवायची असतील तर ती आत्ता, पुतळा उभा करण्याआधी. ज्वेलरच्या वर्कशॉपमध्ये फर्निचरवर जडावकाम लावता येतं, पण कोणत्या फर्निचरवर ते तो स्वतः ठरवतो. हिरा एखाद्या पिंपावर बसू नये म्हणून पहिला स्टॉकपाइल त्या वर्कशॉपला जोडा. मग त्याला निवडायला फक्त चांगले पुतळेच उरतात.

७. खोली आधी पुरी करा

मांडवाचा नियम इथे लागतो. खोली खणा. फरशी आणि भिंती घोटा. कोरायच्या असतील तर कोरून घ्या. दार बसवा. पलंग, टेबल, पेट्या ठेवा. पुतळा त्यानंतर. पुतळ्याच्या चौकोनावर एकदा तो उभा राहिला की तिथे कुणी उभं राहू शकत नाही, आणि कोपऱ्यातल्या पुतळ्यामागची भिंत कोरायची राहिली तर पुतळा काढून पुन्हा बसवण्याचा उद्योग होतो.

मातीत खणलेल्या खोलीची फरशी घोटता येत नाही आणि कोरताही येत नाही. किमती खोली म्हणूनच दगडाच्या थरात घ्या. मातीच्या खोलीत तीच किंमत गाठायला पुतळे वाढवावे लागतात आणि जागा जाते.

बोळांसाठी सगळ्यात चांगली युक्ती कोनाड्याची. जुन्या वाड्यात भिंतीत दिव्यासाठी कोनाडा असतो ना, तसाच. बोळाच्या भिंतीत दर चार चौकोनांनी एक चौकोन आत खणायचा, तो घोटायचा आणि पुतळा त्यात ठेवायचा. बोळाची पूर्ण रुंदी चालायला राहते, आणि रोज कामावर जाणारा प्रत्येक जण त्या पुतळ्याजवळून जातो. चांगले पुतळे बंद खोलीत कोंडण्यापेक्षा जेवणघराकडे जाणाऱ्या बोळातल्या कोनाड्यात ठेवले तर समाधान जास्त जणांना मिळतं.

चौकात मध्यभागी पुतळा ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. मांडवीसारखा चारी बाजूंनी वाट फुटणारा चौक करायचा असेल तर तो किमान ५ × ५ चा खणा आणि मधल्या एकाच चौकोनावर पुतळा ठेवा. ३ × ३ च्या चौकात मधला चौकोन गेला की चारी बाजूंची रहदारी एका रांगेत येते आणि ड्वार्फ एकमेकांवरून सरपटत जातात.

तपासा: पुतळ्याच्या प्रत्येक जागी तो भिंत आहे अशी कल्पना करा. खोलीत शिरायला आणि प्रत्येक पलंग, पेटी, टेबलापर्यंत पोचायला वाट उरते का?

८. उभा करताना: जवळचा नको, हवा तो

बिल्ड मेनू, त्यात फर्निचर, त्यात स्टॅच्यू. पुढे यादी येते. प्रत्येक पुतळ्याच्या नावाच्या दोन्ही बाजूंना कारागिरीची खूण असते. मास्टरवर्कला सूर्यासारखी खूण, एक्सेप्शनलला तीन आडव्या रेघा. नाव, पदार्थ आणि खूण तिन्ही वाचून निवडा.

तिथेच जवळचं सामान वापरण्याचा एक पर्याय असतो, आणि एकामागून एक बांधत राहण्याचा दुसरा. बोळातले वीस साधे पुतळे लावायला दोन्ही चालू करा, काम झटकन होतं. पण ते तसेच चालू ठेवून राजाच्या खोलीकडे वळलात तर खेळ जवळचा कुठलाही पुतळा उचलतो. उलटही घडतं, नऊ हजारांचा पुतळा शौचकूपासारख्या अडगळीच्या वाटेला लागतो. साधे लावून झाले की दोन्ही पर्याय बंद करायची सवय लावून घ्या.

चुकीच्या जागी लागला तर घाबरू नका. पुतळ्यावर क्लिक करून काढायला सांगा. तो पुन्हा सामान होतो, दर्जा जराही कमी होत नाही.

सावधान: बांधणारा ड्वार्फ कोणत्या बाजूला उभा राहील ते तुमच्या हातात नसतं. आडव्या बोळाचं शेवटचं टोक पुतळ्याने बंद करत असाल तर तो आतल्या बाजूला अडकू शकतो. खाणं किंवा पाणी मिळत नाही म्हणून काम रद्द झाल्याच्या सूचना एकाच ड्वार्फच्या नावाने येऊ लागल्या की आधी त्याच्यावर झूम करा. पुतळा काढला की तो सुटतो.

९. देवळातली मूर्ती

देवळासाठी भक्तांची विनंती आली की ती कोणत्या देवतेची आहे ते आधी वाचा. मग त्याच देवतेच्या नावाने झोन (आखलेली जागा) आणि लोकेशन (त्या जागेची देऊळ म्हणून नोंद) करा. झोन आखताना कोरलेल्या भिंतीही आत घ्या. २००० ची किंमत गाठली की ते टेंपल ठरतं, १०,००० ला टेंपल कॉम्प्लेक्स. विनंतीत कोणता दर्जा मागितला आहे ते न पाहता कामाला लागणारे खूप.

मूर्तीच्या ऑर्डरमध्ये आकृती म्हणून तीच देवता शोधून निवडा. सगळ्या फोर्टला पुरून उरेल अशी मांडणी अशी: ११ × ११ ची खोली, समोरच्या भिंतीलगत मधोमध वेदी, वेदीच्या दोन्ही बाजूंना एकेक मूर्ती, उरलेल्या मूर्ती भिंतींतल्या कोनाड्यांत. मधला सगळा चौक मोकळा. देवळात ड्वार्फ नाचतात, आणि मूर्ती मधे असेल तर नाचायची जागा तुटते. विठ्ठल मंदिरात मूर्ती गाभाऱ्यात असते आणि भजनाला सभामंडप मोकळा असतो, तीच रीत इथे पाळायची.

आकडे जुळवणं कठीण नाही. नेटिव्ह गोल्डच्या अगदी साध्या तीन मूर्ती म्हणजे २२५०, टेंपलचा दर्जा तिथेच मिळाला. संगमरवराच्या तीन मास्टरवर्क म्हणजे १८००, उरलेले २०० घोटलेल्या फरशीतून आणि वेदीतून सहज निघतात. कारागीर कच्चा असेल तर पहिला रस्ता धरा, सोनं नसेल तर दुसरा.

सावधान: देवळातली मूर्ती पाडणं हा अपराध आहे. वैतागलेला ड्वार्फ संतापाच्या भरात देवळातली मूर्ती उलथवतो तेव्हा देवता त्याला शाप देऊ शकते, आणि फोर्टमध्ये रक्त पिणारा व्हॅम्पायर किंवा पौर्णिमेला पशू होणारा वेअरबीस्ट निर्माण होतो. ज्या ड्वार्फच्या मनःस्थितीचं चिन्ह लाल झालं आहे त्याच्याकडे म्हणूनच दुर्लक्ष करू नका. त्याला काम कमी द्या, बरी खोली द्या, मित्रांबरोबर वेळ मिळू द्या. वेअरबीस्ट एकदा झाला की पौर्णिमेला सगळं फोर्ट धोक्यात येतं.

१०. पुतळा म्हणजे भिंत नव्हे

वाट अडते म्हणून काही जण प्रवेशद्वार पुतळ्यांनी बंद करतात. चाल करून येणाऱ्या गॉब्लिनांच्या बाबतीत ते चालून जातं. पण वेढ्याबरोबर ट्रोल नावाचे धिप्पाड राक्षस येतात, आणि ट्रोल पुतळा उलथवून टाकतो. मिनोटॉर, एटिन, सायक्लॉप्स हे राक्षसी प्राणीही. डिसेंबर २०२२ च्या आवृत्तीत त्यांना बांधकामाची भिंत थांबवायची, म्हणजे कन्स्ट्रक्शन मेनूतून ठोकळ्यांनी उभारलेली. संरक्षण हवं तिथे भिंत आणि उचलता येणारा पूल.

पण हीच खोड उपयोगाला आणता येते. ट्रोल वाटेतला पुतळा पाडायला थांबतो. प्रवेशमार्गाला फुटलेली एक आडवी गल्ली खणा, तिच्या शेवटी साध्या दगडाचा सगळ्यात स्वस्त पुतळा ठेवा, आणि त्याला लागून असलेल्या प्रत्येक चालण्याजोग्या चौकोनावर पिंजऱ्याचा सापळा लावा. पाडायला ट्रोलला शेजारी उभं राहावं लागतं, म्हणजे सापळ्यावरच. इथे मास्टरवर्क कधीच वापरू नका. मास्टरवर्क नष्ट झालं की ते घडवणारा कारागीर खचतो. आणि फरगॉटन बीस्टसाठी, म्हणजे खोल गुहांतून येणाऱ्या राक्षसी प्राण्यासाठी, या गल्लीवर विसंबू नका, तो सापळ्यांना दाद देत नाही.

गल्ली आडवीच का, ते नीट समजून घ्या. व्यापाऱ्यांच्या गाड्यांना डेपोपर्यंत, म्हणजे व्यापाराच्या जागेपर्यंत, तीन चौकोन रुंद, सलग वाट लागते. त्या वाटेत एक पुतळा किंवा एक सापळा आला की गाडी येत नाही. तुमची जागा पोचण्याजोगी नाही म्हणून गाड्या पुढे गेल्या अशी सूचना दिसली, तर आधी नवे पुतळे पाहा.

११. वेढ्यानंतरची फेरी

लढाई संपली की पाडलेले पुतळे सामान होऊन जमिनीवर पडलेले असतात. ते आपोआप परत उभे राहत नाहीत. कोनाडे एकेक करून पाहा, रिकाम्या कोनाड्यासाठी पुन्हा बांधायची आज्ञा द्या, आणि बाहेर पडलेल्यांवर बंदीची खूण असेल तर ती काढा, नाहीतर त्यांना कुणी हात लावणार नाही. देवळाचा आणि नोबलांच्या खोल्यांचा दर्जा पुन्हा वाचा. एक मूर्ती कमी झाली तरी टेंपलचा दर्जा २००० च्या खाली घसरलेला असू शकतो. आमिषाच्या गल्लीतला पुतळा शेवटी लावा, पिंजरे रिकामे करून सापळे परत भरल्यावर.